खिशातला फ्यूज

डॉक्टरांनी मंदाच्या मनगटावरची बोटं काढली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

"आणण्याआधीच गेल्यात," ते म्हणाले. "तुमचं नाव सांगा."

मी सांगितलं. दिगंबर पांचाळ. नातं काय, तर नवरा. काम काय, तर नगरपरिषदेत वायरमन. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मंदाच्या दोन्ही तळहातांवर आडवी काळी रेघ उठली होती. तिच्या बोटांना खडू लागलेला होता. मी खडू पुसायला लागलो, तर नर्सने माझा हात धरला.

प्रल्हाद पळतच आत आला. मंदाचा धाकटा भाऊ. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझी कॉलर धरली.

"दाजी, लाईन कुणी सोडली?"

माझा उजवा हात खिशात होता. खिशात चिनी मातीचा फ्यूज होता. मी तो काढून त्याच्यासमोर धरला.

"फ्यूज माझ्याजवळ आहे. खांबावरनं लाईन आलेलीच नाही."

"मग आली कुठनं?"

"जनरेटर चालू झाला होता."

"कुणाचा?"

"संपत हुलसुऱ्याचा."

एवढंच बोललो. या गोष्टीला आठ वर्षं झाली. पुढचं सगळं त्या एका नावामुळे झालं.

आमच्या धंद्यातला नियम वाचणाऱ्याला माहीत नसेल, म्हणून सांगतो. लाईनवर काम करायचं तर आधी फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. कुणाच्या हातात द्यायचा नाही. मला काम शिकवणारे वस्ताद म्हणायचे, आपला जीव आपल्याच खिशात पाहिजे. एवढं करूनही धोका उरतो तो जनरेटरचा. कुणीतरी घरात जनरेटर चालू करतो, ती वीज उलटी लाईनवर येते आणि वर चढलेला माणूस जातो. माझा जोडीदार नामदेव असाच गेला होता. त्याला खांबावरून मीच उतरवला होता. म्हणून दवाखान्यात माझ्या तोंडी जनरेटर आला. मला विचारही करावा लागला नाही.

कासारखेडचा नगारखाना म्हणजे गावाची जुनी वेस. तीन मजली, काळ्या दगडाची. मंदा मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. मुलींना घेऊन ती वेशीचं चित्र काढायला बसायची. असंच एकदा तिला दिसलं की काही दगडांवर बोटभर खुणा कोरलेल्या आहेत. कुठे विळा, कुठे चिमणीचा पाय, कुठे अर्धा चंद्र. ज्या पाथरवटाने दगड घडवला, त्याने आपली खूण त्यावर टाकली होती.

"वेस ज्यांनी बांधून घेतली त्यांचं नाव दारावर आहे," मंदा म्हणाली. "ज्यांनी दगड फोडले त्यांचं हे नाव. इतकी वर्षं कुणी वाचलंच नाही."

ते वाचून दाखवायचं तिने डोक्यात घेतलं. पुण्याच्या एका शिबिरात तिने पाहिलं होतं, इमारतीच्या मापाची चित्रं करतात आणि प्रोजेक्टरने बरोबर त्या त्या दगडावर टाकतात. पडदा लागत नाही, भिंतच पडदा. तिचा बेत असा होता. एक मेला दिवस मावळला की आधी वेस पूर्ण अंधारात ठेवायची. मग एकेक खूण उजळायची. सगळ्या उजळल्या की दगड खालून वर चढत जायचे आणि लोकांच्या डोळ्यांदेखत वेस बांधली जायची. माप बोटभर चुकलं तरी चित्र बाजूच्या दगडावर जाणार. म्हणून ती दोन महिने परांचीवर चढून एकेका खुणेभोवती खडूने चौकट आखत होती आणि वहीत माप लिहीत होती.

पुरातत्त्वच्या साहेबांनी परवानगी दिली ती दोन अटींवर. दगडाला खिळा नाही आणि वेशीजवळ धूर नाही. धुराची अट संपतअण्णामुळे आली. पंधरा वर्षं जत्रेचा लाईट त्याच्या जनरेटरवर चालायचा. त्याची गाडी कमानीखाली उभी राहायची आणि धुराने कमानीचा अर्धा भाग इतका काळा झाला होता की तिथे खूण असली तरी दिसत नव्हती. तेव्हा ठरलं की सगळं उन्हावर चालवायचं. शेजारच्या भाजीबाजाराच्या गच्चीवर सोळा पॅनल, तिथून परांचीवरून वेशीच्या पलीकडच्या खोलीत केबल, खोलीत इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या. दिवसभर ऊन साठवायचं, संध्याकाळी भिंतीवर टाकायचं. लातूरच्या तस्नीम मॅडम येऊन पॅनल बसवून गेल्या. नियम समजावून गेल्या. केबल टाकायचं काम माझ्याकडे होतं. ढग आलेच तर सोय म्हणून त्या खोलीत मी नगरपरिषदेची लाईनही दिली होती.

नगरपरिषदेच्या बैठकीत संपतअण्णा उठून उभा राहिला. आडव्या अंगाचा माणूस, आवाज त्याच्या मशीनसारखा.

"मास्तरीणबाई, ढग आलं की काय करणार? खंदील घेऊन उभं राहणार का?"

लोक हसले. मंदाही हसली.

"तुम्ही याल की अण्णा काडीपेटी घेऊन," ती म्हणाली.

आणखी हसले. ते संपतअण्णाला झोंबलं.

"पंधरा वर्षं मी उजेड दिला ह्या गावाला. आता मी धूर झालो?" मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "आन् हा! बायकोच्या मागं पिशवी धरून फिरणारा वायरमन."

मी टेबलावरून गेलो. मधे कोण होतं, काय पडलं, आठवत नाही. मी त्याच्या नाकावर डोकं मारलं, त्याने माझ्या कानफटात दिली. कानात दोन दिवस शिट्टी वाजत होती. लोकांनी ओढून बाजूला केलं तेव्हा त्याच्या शर्टावर रक्त सांडत होतं.

"तुझं ऊन मी बघून घेतो!" तो ओरडला. हे सगळ्या गावाने ऐकलं.

घरी मंदा माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "माणसाचं काम काढून घेतल्यावर तो ओरडणारच. तुम्ही डोकं कशाला मारलंत?"

"तो काय बोलला ते ऐकलंस ना?"

"मला बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं. तुम्हाला हातच चालवता येतो."

एकोणीस एप्रिलला दुपारी साडेबाराला मंदा परांचीच्या तिसऱ्या टप्प्यावर होती. ऊन असं होतं की परांचीच्या लोखंडाला हात लागत नव्हता. मी खाली बोर्डापाशी उभा होतो.

"अहो, ऐकलं का? ही केबल एका खुणेवरून गेलीय. एकशे आठ झाल्या, ही एकशे नववी. नुसती शेपटी दिसतेय. मासा असणार."

"राहू दे. एकशे आठ पुष्कळ झाल्या."

"ज्याची राहील तो काय म्हणेल?"

"तीनशे वर्षांत काही म्हणाला नाही तो."

ती हसली. "केबल थोडी वर सरकवते. लाईन बंद आहे ना?"

मी फ्यूज ओढला, तिला दिसेल असा वर धरला आणि खिशात टाकला. खिशावर थाप मारली.

"इथं आहे. कर काय करायचं ते."

तेवढ्यात चौकाच्या पलीकडे जनरेटरचा आवाज सुरू झाला. मी वळून पाहिलं. संपतअण्णाची गाडी होती. मनात म्हटलं, हा आज इथे कशाला? पुन्हा वर पाहिलं तर मंदा केबल दोन्ही हातांत धरून उभी होती. ओरडली नाही. नुसती उभी होती, मान मागे, आणि हात सुटत नव्हते. मी बांबू घेऊन वर चढलो आणि तिच्या हातांवर मारला. दोनदा मारला. दुसऱ्या वेळेला ती सुटली आणि फळ्यांवर पडली.

दवाखान्यातून चौकात मी पायीच आलो. प्रल्हाद बरोबर होता, मागे वीसपंचवीस माणसं. परांची कसायचा मोठा पान्हा वेशीपाशी पडला होता, तो मी उचलला.

संपतअण्णा पळून गेला नव्हता. गाडीजवळ उभा होता. मला पाहून दोन पावलं पुढे आला.

"वायरमन, वहिनी कशा हायत?"

मी पान्हा त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो गुडघ्यावर बसला, हात वर केला. मी हातावर मारला. बोटं वाकडी झाली.

"ऐक, ऐक की! मला वहिनींनीच—"

मी तोंडावर मारला. दात आणि रक्त एकदम बाहेर आलं. तो तरी बोलायचा प्रयत्न करत होता, शब्द निघत नव्हते. पुढचा घाव डाव्या डोळ्यावर बसला. तिथे मऊ लागलं. पान्हा मागे घेताना ते माझ्या हाताला कळलं.

"जाळा ह्याची गाडी!" प्रल्हाद ओरडला.

त्याच्याच गाडीतलं डिझेल त्याच्याच गाडीवर ओतलं. जाळ वेशीच्या उंचीएवढा गेला. कमानीचा उरलेला अर्धा भागही त्या दिवशी काळा झाला. काहीजण संपतअण्णाच्या घराकडे गेले. दारं फोडली, भांडी रस्त्यावर आली. त्याच्या बायकोला, गोदाबाईला, केसाला धरून बाहेर काढलं. मला कुणी अडवलं नाही. हवालदार आला तेव्हा मी पान्हा हातात घेऊन फूटपाथवर बसलो होतो. त्याने पान्हा काढून घेतला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"चला मालक, घरी चला. बाईंना आणलंय."

माझ्यावर केस उभीच राहिली नाही. कुणी पाहिलंच नव्हतं म्हणे. केस झाली संपतअण्णावर. निष्काळजीपणे जनरेटर चालवून मृत्यूस कारण.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. घरात बसवेना. दुसऱ्या दिवशी विजेचे इन्स्पेक्टर तपासायला येणार होते. पण मी काही तपासायला गेलो नव्हतो. मंदाचा डबा आणि चप्पल बाजाराच्या गच्चीवर राहिली होती, ती आणायला गेलो. दुपारची वेळ, डोक्यावर ऊन. पॅनलांपासून आलेली केबल तिथे कठड्यावरून परांचीकडे उतरत होती. तिथे तिच्या दोन्ही तारांना मी दिलेला जोड होता. टेप उन्हाने वितळून घसरली होती आणि तांबं उघडं पडलं होतं.

खाली सगळं बंद होतं. फ्यूज माझ्या खिशात होता, इन्व्हर्टरची वायर पोलिसांनी तोडली होती, जनरेटर जळून गेला होता. सवयीने मी मीटर लावला.

सहाशे अकरा व्होल्ट.

मीटर बिघडला असेल म्हणून झटकला. पुन्हा लावला. सहाशे अकरा. मग पॅनलांपुढे जाऊन उभा राहिलो. माझी सावली एका पॅनलवर पडली तसा आकडा हलला. बाजूला झालो, पुन्हा वर गेला.

आता वर जे पूर्ण सांगितलं नाही ते सांगतो.

तस्नीम मॅडमनी पॅनल बसवली त्या दिवशी मला आणि मंदाला गच्चीवर उभं करून सांगितलं होतं, "पांचाळमामा, हे खांबासारखं नाही. ऊन आहे तोवर हे जिवंत. खालचं काहीही बंद करा, इथून केबलपर्यंत वीज असतेच. हात लावायचा तर आधी सगळ्या पॅनलांवर ही काळी ताडपत्री टाकायची. आणि जोड द्यायचे नाहीत, अख्खी केबल टाकायची."

मी म्हणालो होतो, "मॅडम, मी चोवीस वर्षं खांबावर चढतोय."

केबल दोन ठिकाणी कमी पडली. अख्खी केबल लातूरहून यायला आठ दिवस लागणार होते. मी जोड दिले. एक इथे गच्चीवर, एक परांचीवर. तिसऱ्या टप्प्यावर, माशाच्या खुणेशेजारी.

आणि मंदाने परांचीवरून मला फक्त लाईनचं विचारलं नव्हतं. खिशावर थाप मारून मी "कर काय करायचं ते" म्हणालो, त्यानंतर ती म्हणाली होती, "मॅडम म्हणाल्या होत्या ना, पॅनलांवर ताडपत्री टाकू का आधी?"

मी म्हणालो होतो, "मॅडमला काय कळतंय? फ्यूज माझ्या खिशात आहे."

माझ्यावर विश्वास ठेवून तिने हात घातला.

गच्चीवर हातोडा पडला होता. मी पहिल्या पॅनलवर घातला. काच फुटली, पण मीटर खाली येईना म्हणून दुसऱ्यावर घातला. मग मोजलं नाही. काचा हातात शिरल्या, तोंडावर उडाल्या. आवाज ऐकून प्रल्हाद वर आला. मला पाहून रडायला लागला.

"फोडा दाजी! माझ्या बहिणीचा जीव घेतला ह्या खेळानं! फोडा सगळं!"

त्याने फरशी उचलली आणि तोही फोडायला लागला. आम्ही दोघांनी सोळाच्या सोळा पॅनल फोडली. मग मी दोन्ही ठिकाणचे जोड कापले आणि विहिरीत टाकले. गावाला वाटलं, दुःखाने डोकं फिरलं. पहिल्या दोन पॅनलांपर्यंत ते खरं होतं. त्यापुढे मी काय करतोय ते मला कळत होतं.

इन्स्पेक्टर आले. काचांकडे पाहून म्हणाले, "आता मी काय तपासू?" त्यांनी लिहिलं, प्रवाह कुठून आला ते निश्चित करता येत नाही.

कोर्टात मला विचारलं, "घटनेच्या वेळी फ्यूज कुठे होता?"

"माझ्या खिशात."

"जनरेटर चालू होता?"

"होता."

दोन्ही उत्तरं खरी होती. संपतअण्णा पिंजऱ्यात उभा होता, डाव्या डोळ्यावर पट्टी. त्याने मंदाने बोलावल्याचं सांगितलं, पण त्याचं तोंड नीट चालत नव्हतं आणि सरकारी वकिलाने त्याला दोनदा "काय? काय?" विचारलं तेव्हा लोक हसले. सात महिने आत राहून तो पुराव्याअभावी सुटला. गाव म्हणालं, सुटला, पण केलं त्यानेच. तो बायकोला घेऊन तिच्या माहेरी, मुरडगावला गेला.

मंदाची मापाची वही मी दोन वर्षं उघडली नाही. उघडली तेव्हा शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात होतं: "अण्णांना फोन केला. १९ तारखेला गाडी आणून दाखवतो म्हणाले. चौकाबाहेर लावायची, धूर वेशीपर्यंत येतो का पाहायचं. एक मेला पहिलं बटण त्यांच्या हातून. यांना आत्ता सांगायचं नाही, चिडतील."

गाडी जळण्याआधी मी तिच्या मागच्या बाजूला पाहिलं होतं. जनरेटरची केबल आकड्याला वेटोळं करून सुतळीने बांधलेली होती. कुठेच जोडलेली नव्हती. वायरमनला हे दिसतंच. मी ते पाहिलं, आणि त्यानंतरही दोन घाव घातले.

मागच्या महिन्यात मी मुरडगावला गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो. संपतअण्णा अंगणात सायकलचं चाक फिरवत बसला होता. सायकली दुरुस्त करतो आता. उजव्या डोळ्याजवळ चाक आणून आरे बघत होता. तीन बोटं अजून वाकडी आहेत.

"कोण? वायरमन व्हय? या." त्याने पोतं झटकून अंथरलं. "गोदा, पाणी आण गं. कासारखेडचं पाव्हणं आलंय."

गोदाबाईने माझ्याकडे पाहिलं. तांब्या माझ्यापासून हातभर लांब ठेवला आणि दारात जाऊन उभी राहिली.

"अण्णा, मी..." मी सुरुवात केली.

"थांब. तू माफी मागाया आलास, मला कळतंय. नगं." तो चाक फिरवतच होता. "माझी बायको गेली असती तर मी बी मारलं असतं. मी तर जीवच घेतला असता. त्याचा राग न्हाई. पर एक इचारू? आठ वर्षं झाली, कुणाला इचारता आलं न्हाई."

"विचारा."

त्याने चाक थांबवलं.

"मी बटण दाबलं आन् वहिनी गेल्या. हे खरंय. माझ्याच हातानं झालं. पर केबल तर सुतळीनं बांधलेली व्हती. मग लाईन गेली कुठनं? जमिनीतनं गेली का? गाडीच्या चाकातनं गेली का? रात न् रात डोकं चालवतो, सापडत न्हाई. त्या दिसापास्नं मी घरात बटणाला हात लावत न्हाई. लाईट ही लावती, ही इझवती. ही न्हाई घरात तर अंधारात बसतो." त्याचा एक डोळा माझ्यावर होता. "तू वायरमन हायस. तूच सांग. कुठनं गेली?"

माझा हात खिशात गेला. फ्यूज अजून तिथेच असतो. गोदाबाई दारातून बघत होती.

गेली चोवीस आणि आठ अशी बत्तीस वर्षं, ज्या घरात बिघाड सापडत नाही तिथे मी जे म्हणतो, तेच माझ्या तोंडून निघालं.

"बघून सांगतो."

त्याने मान हलवली आणि पुन्हा चाक फिरवायला लागला. मी पाणी प्यायलो आणि निघालो.

वेशीवरचा खडू केव्हाच धुऊन गेला. एकशे नववी खूण आखायची राहिली आहे. संपतअण्णाला मी अजून सांगितलेलं नाही.